हर्पिसचा संसर्ग आणि घरातला संशय

या सदरासाठी येणाऱ्या काही पत्रांवर नाव-गाव नसते. गेल्या महिन्यात असेच एक पत्र आले. लिहिणारी विवाहित स्त्री आहे. दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. शहरातल्या दवाखान्यात रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्यातल्या एका कागदावर 'हर्पिस पॉझिटिव्ह' असे छापून आले. घरातले कोणी तरी या शब्दाचा अर्थ विचारायला गेले आणि 'हा गुप्तरोग आहे' एवढेच उत्तर घेऊन परत आले. तेव्हापासून नवरा बोलत नाही, माहेरी पाठविण्याची भाषा सुरू आहे. हा रोग मला कोठून लागला, असे ती विचारते.

फुलसावंगीसारख्या गावात दवाखाना चालविताना हा प्रश्न मला निरनिराळ्या तोंडून ऐकायला मिळतो. कधी पुण्याकडे किंवा हैदराबादेला कामाला जाऊन आलेला तरुण दार लोटून घेतो आणि विचारतो. कधी एखादी बाई तापाचे औषध घ्यायला येते आणि निघता निघता हळूच म्हणते, "त्याह्यले काहीच नाही, मग मलेच काहून झालं?" म्हणून आज हर्पिसविषयी सविस्तर लिहितो. विषय नाजूक आहे, तरी घरातील मोठ्या माणसांनी हा लेख जरूर वाचावा.

पहिला घोळ नावाचा आहे. आपल्याकडे हर्पिस म्हटले की पुष्कळांना नागीण आठवते. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. तो कांजण्यांच्या विषाणूमुळे होतो. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की छाती, पाठ, कंबर किंवा कपाळ यांच्या एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठतात. तो एकाच बाजूच्या मज्जातंतूच्या वाटेने येतो, त्यामुळे पट्टा साधारणपणे शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, या समजुतीला काही आधार नाही. नागिणीचा लैंगिक संबंधांशीही काही संबंध नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'हर्पिस' लिहिले म्हणून सत्तरीच्या आजोबांकडे घरचे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागल्याचे मी पाहिले आहे. बिचाऱ्या आजोबांना फक्त नागीण झाली होती.

आजचा विषय दुसरा आहे, हर्पिस सिम्प्लेक्स. त्याच घराण्यातला, पण वेगळा विषाणू. (हर्पिस हा शब्द ग्रीक भाषेतील 'सरपटणे' या अर्थाच्या शब्दापासून आला. तिकडच्या वैद्यांनाही सरपटणारा प्राणीच आठवला असावा.) याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार मुख्यतः तोंडाजवळ आणि दुसरा मुख्यतः गुप्तांगावर त्रास देतो. पहिला प्रकार आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे, फक्त त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो, आग होते, दोन-तीन दिवसांत फुटून खपली धरते. त्याला आपण 'ताप फुटला' म्हणतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडली असे समजून समाधान मानतो. खरे तर तो हर्पिस असतो. ताप हे निमित्त. कडक ऊन, जागरण, मासिक पाळी, मनावरचा ताण यांनीही तो उठू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या स्थितीवरील अंदाजानुसार जगातील पन्नास वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे ६४ टक्के लोकांच्या, अंगात पहिल्या प्रकारचा विषाणू आहे. दुसऱ्या प्रकारचा विषाणू १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांत, म्हणजे १३ टक्के लोकांत आहे. म्हणजे 'हर्पिस' हा शब्द ऐकून जे नाक मुरडतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या अंगात तो कधीचाच मुक्कामाला असतो.

मुक्काम हा शब्द मी मुद्दाम वापरला. विषाणू कातडीतून आत शिरला की मज्जातंतूच्या धाग्याने वर सरकतो आणि त्याच्या मुळाशी असलेल्या गाठीत जाऊन बसतो. तोंडाकडून शिरलेला कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेल्या गाठीत आणि गुप्तांगाकडून शिरलेला कमरेच्या खालच्या मणक्यांजवळच्या गाठीत. तेथे तो झोपून राहतो. कोणतेही औषध आजपर्यंत त्याला तेथून हुसकावू शकलेले नाही. अधूनमधून जागा झाला की त्याच धाग्याने खाली उतरतो, म्हणून फोड पुन्हा पुन्हा जवळपास त्याच जागी येतात.

आता संसर्ग कसा होतो ते पाहू. हा विषाणू कातडीच्या किंवा ओठ, तोंड, गुप्तांग यांच्या नाजूक अस्तराच्या प्रत्यक्ष स्पर्शाने लागतो. फोडातील पाण्यात तो सर्वांत जास्त असतो, लाळेतही असतो. पहिला प्रकार बहुतेकांना बालपणीच लागतो, आजी-मावशीने लाडाने घेतलेल्या मुक्यातून, आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. दुसरा प्रकार मुख्यतः शरीरसंबंधातून लागतो. मात्र दोघांच्या हद्दी पक्क्या नाहीत. ओठावर ताप फुटलेला असताना मुखाने संबंध आला, तर पहिला प्रकार जोडीदाराच्या गुप्तांगावर जातो. म्हणजे गुप्तांगावर हर्पिस दिसला की तो बाहेरच्या कोणाकडून आला, हे अनुमान दरवेळी बरोबर नसते. कित्येकदा तो स्वतःच्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ओठावरून आलेला असतो.

सार्वजनिक शौचालय, एसटीची सीट, विहिरीचे किंवा हौदाचे पाणी, एकत्र धुतलेले कपडे यांतून हा रोग लागल्याची भीती रुग्ण बोलून दाखवितात. कधी ती भीती नसते, सोयीचे उत्तर असते. शरीराबाहेर हा विषाणू फार काळ तग धरत नाही आणि अशा मार्गांनी सहसा पसरत नाही. ओठावर ओला फोड असेल तेवढे दिवस मात्र पेला, चमचा, टॉवेल वेगळा ठेवावा आणि उष्टी विडी कोणाला देऊ नये.

विषाणू लागल्यापासून दोन ते बारा दिवसांत पहिला झटका येतो. गुप्तांगावरचा पहिला झटका जोराचा असू शकतो. ताप, अंगदुखी, जांघेत गाठी, लघवीच्या वेळी जीवघेणी आग, आणि फोड बरे व्हायला दोन ते चार आठवडे. पुढचे झटके सौम्य असतात आणि वर्षे जातील तसे कमी होतात. पण हे झाले पुस्तकातले चित्र. प्रत्यक्षात ज्यांच्या अंगात हा विषाणू आहे त्यांतील बहुसंख्य लोकांना काहीच झालेले नसते. किंवा बारीकशी चीर पडली, जरा खाज आली, घामोळे असेल म्हणून सोडून दिले, इतकेच झालेले असते.

फोड नसतानाही विषाणू कातडीवर येतो, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. अमेरिकेत सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दुसऱ्या प्रकारचा विषाणू अंगात असलेल्या ४९८ जणांकडून रोज नमुने घेतले. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना पूर्वी फोड येऊन गेले होते त्यांच्यात सुमारे २० टक्के दिवशी कातडीवर विषाणू सापडला. ज्यांना आयुष्यात कधी फोड आलेच नव्हते त्यांच्यातही सुमारे १० टक्के दिवशी तो सापडला. म्हणजे ज्याला आपल्याला काही रोग आहे याची कल्पनाही नाही असा माणूस, अंगावर एकही फोड नसताना, जोडीदाराला हा विषाणू देऊ शकतो आणि ते दोघांनाही कळत नाही.

वरच्या बाईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आहे. 'त्यांना काहीच नाही' हे डोळ्यांना दिसते तेवढेच खरे. नवऱ्याला फोड नाहीत म्हणून विषाणू त्याच्याकडून आला नाही, असे म्हणता येत नाही. उलट बायकोला फोड आज आले म्हणून विषाणू काल-परवा लागला, असेही म्हणता येत नाही. तो लग्नाआधीपासून दोघांपैकी एकाच्या अंगात झोपलेला असेल आणि दहा-पंधरा वर्षांनी एखाद्या आजारपणात जागा झाला असेल. कोणी कोणाला दिला आणि केव्हा दिला, हे जगातला कोणताही डॉक्टर फोड पाहून सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

याचा अर्थ बाहेरच्या संबंधातून हा रोग येत नाही असा कोणी घेऊ नये. येतो, आणि पुष्कळदा येतो. पुण्यात १९९३ ते २००० या काळात गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, एचआयव्हीची लागण नसलेल्या २७३२ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होती. सुरुवातीलाच त्यांतील ४३ टक्के लोकांत दुसऱ्या प्रकारचा हर्पिस आढळला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला यापुढचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. ज्यांना हा हर्पिस नुकताच लागला होता त्यांना एचआयव्ही लागण्याचा धोका, हर्पिस नसलेल्यांच्या तुलनेत, जवळजवळ पावणेचार पट होता. फोडांमुळे कातडीचे दार उघडे पडते आणि एचआयव्ही ज्या पेशींना धरतो त्याच पेशी तेथे गोळा होतात. म्हणून गुप्तांगावर फोड आलेल्या प्रत्येकाला मी एचआयव्ही आणि सिफिलिस यांची तपासणी करून घ्यायला सांगतो.

याच पुण्यातल्या दवाखान्यांमधून १९९७ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. त्यांतील बहुतेक जणी नवऱ्याखेरीज कोणाकडे न गेलेल्या होत्या. तो अभ्यास एचआयव्हीचा होता, पण घरात बोट आधी बाईकडे का दाखविले जाते, हा विचार हर्पिसच्या बाबतीतही करायला हवा. बाईची तपासणी गर्भपातामुळे, बाळंतपणामुळे आधी होते. नवऱ्याची होतच नाही. ज्याच्या नावाचा कागद निघाला तो आरोपी, असा हा न्याय आहे.

आता तो कागद पाहू. गर्भ पडला की आपल्याकडे 'टॉर्च' नावाची तपासणी सर्रास लिहून दिली जाते. टॉक्सोप्लाझ्मा, इतर काही रोग, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाचे डॉ. आंद्रे नामियास यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस ते रूढ केले. नवजात बाळाला आईकडून कोणते संसर्ग होऊ शकतात, हे लक्षात राहावे हा त्यामागचा हेतू. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचे कारण शोधण्यासाठी ती तपासणी उपयोगी नाही, असे ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी कधीच स्पष्ट केले आहे. आपल्याकडे मात्र ती चालूच आहे आणि हजारो रुपये त्यात जातात.

या तपासणीत विषाणू सापडत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये सापडतात. 'आयजीजी पॉझिटिव्ह' म्हणजे आयुष्यात कधी तरी, कदाचित दोन वर्षांची असताना, या विषाणूशी गाठ पडली होती, इतकाच त्याचा अर्थ. पुष्कळ ठिकाणी दोन्ही प्रकारांची तपासणी एकत्रच करतात, त्यामुळे तो ओठाचा की गुप्तांगाचा हेही कळत नाही. 'आयजीएम' तर आणखी फसवा. तो जुन्या विषाणूच्या पुनरागमनातही पॉझिटिव्ह येतो आणि काही वेळा विनाकारणही येतो. नवी लागण ओळखण्यासाठी त्यावर विसंबू नये. फोड ताजा असेल तर त्याच्या तळाचा नमुना घेऊन केलेली पीसीआर तपासणी खरी भरवशाची. फोड नसलेल्या, काही त्रास नसलेल्या माणसाने हर्पिससाठी रक्त तपासत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या ताईंना आणि त्यांच्या घरच्यांना सांगायचे ते असे. या कागदावरून ताईंच्या वागणुकीविषयी काहीही सिद्ध होत नाही. त्यांच्या सासूबाईंनी, नणंदेने, शेजारणीने ही तपासणी केली तरी बहुतेकींचा कागद असाच येईल. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो, त्यात आईचे काही चुकलेले नसते. दोनदा गर्भ पडला असेल तर थायरॉइड, साखर, रक्त गोठण्याशी संबंधित ठरावीक प्रतिद्रव्ये, गर्भाशयाचा आकार हे पाहावे, आणि त्यासाठी नवऱ्यानेही बरोबर जावे. हर्पिसच्या नावाने महिनोन्महिने गोळ्या देण्याची येथे गरज नाही.

गरोदरपणात हर्पिसचा खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. एखाद्या स्त्रीला गुप्तांगाचा हर्पिस आयुष्यात पहिल्यांदाच बाळंतपणाच्या तोंडावर लागला, तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के असते, कारण आईच्या शरीरात प्रतिद्रव्ये तयार व्हायला वेळच मिळालेला नसतो. ज्यांना तो पूर्वीपासून आहे त्यांच्या बाबतीत हीच शक्यता एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. प्रसूतीच्या वेळी ताजे फोड असतील तर डॉक्टर सिझेरियन करतात. म्हणून ज्यांना असे फोड येतात त्यांनी ते डॉक्टरांपासून किंवा नर्सताईंपासून लपवू नये. नवऱ्याला कोठेही हर्पिसचे फोड असतील तर शेवटच्या तीन महिन्यांत संबंध टाळणे हेच शहाणपणाचे, ओठावरचा ताप यात धरूनच.

बाळ जन्मले की दुसरा धोका. पाचवीला, बारशाला येणारे पाहुणे बाळाचा मुका घेतात. ज्याच्या ओठावर ताप फुटला आहे त्याने एक महिन्याच्या आतील बाळाला तोंड लावू नये, हात धुतल्याशिवाय उचलूही नये. मोठ्या माणसाला जो फोड क्षुल्लक, तोच विषाणू इतक्या लहान बाळाच्या मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो. पाहुण्याला राग येईल, येऊ द्यावा. पहिल्या चार आठवड्यांत बाळाने दूध सोडले, ते सुस्त पडले, ताप आला, अंगावर पाण्याचे फोड दिसले किंवा झटके आले, तर गावात वेळ न घालविता मोठ्या रुग्णालयात न्यावे. शिरेतून औषध वेळेवर सुरू झाले तर बाळ वाचते.

डोळ्याविषयी एक सूचना करतो, कारण ही चूक मी वारंवार पाहतो. एकच डोळा लाल होऊन टोचतो, उजेड सहन होत नाही, आणि माणूस दुकानातून डोळ्याचे थेंब आणून घालतो. त्या थेंबांत स्टिरॉइड असेल आणि डोळ्यात हर्पिस असेल, तर बुबुळावरचा व्रण खोल जातो आणि दृष्टी कायमची अधू होते. ओठाच्या फोडाला लावलेला हात डोळ्याला लावू नये, आणि नेत्रतज्ज्ञाने पाहिल्याशिवाय थेंब घालू नयेत.

औषध आहे, आणि ते चांगले आहे. ॲसायक्लोव्हिर. ते घडविणाऱ्या गटाचे नेतृत्व गर्ट्रूड एलियन या अमेरिकन बाईंनी केले. १९८८ चे वैद्यकातील नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांबरोबर विभागून मिळाले. फोड उठल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू केल्या तर झटका लवकर आटोपतो. मलमाचा उपयोग बेताचाच, आणि चार-चार औषधे एकत्र केलेली स्टिरॉइडयुक्त मलमे तर लावूच नयेत. चुना, गेरूचा लेप, मंत्र यांनी फोड बरे होतात असे दिसते, कारण ते आठ-दहा दिवसांत आपले आपणच बरे होणार असतात. ज्यांना वारंवार झटके येतात त्यांना रोज थोडे औषध देता येते. एकाला हर्पिस आणि दुसऱ्याला नाही अशा १४८४ जोडप्यांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजच्या व्हॅलासायक्लोव्हिरने जोडीदाराला होणारी लागण जवळजवळ निम्म्याने घटली. निरोधनेही धोका कमी होतो, पण जो भाग झाकला जात नाही तेथून विषाणू जाऊ शकतो. फोड येण्याआधी त्या जागी चुरचुर, मुंग्या सुरू होतात. तेव्हापासून खपली पडून नवी कातडी येईपर्यंत संबंध ठेवू नये.

दवाखान्यात जोडपे आले की मी आधी एकेकाशी वेगळे बोलतो, मग दोघांना समोर बसवितो. बरोबर आलेल्या मामा-काकांना बाहेर चहा घ्यायला पाठवितो. विषाणू किती जुना आहे ते सांगता येत नाही, हे वाक्य मी दोघांच्या समोर उच्चारतो, कारण घरी गेल्यावर एकाने दुसऱ्याला सांगितले तर त्याचा अर्थ बदलतो. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे की कागदावर 'पॉझिटिव्ह' लिहून रुग्णाला दारातून परत पाठवू नये. पाच मिनिटे द्यावीत.

स्त्रिया मुळात दाखवायलाच येत नाहीत, ही आपल्याकडची जुनी अडचण. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. हा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. तेव्हापासून दवाखाने वाढले, रस्ते झाले, पण या बाबतीतला संकोच फारसा हललेला नाही.

सरकारी दवाखान्यांत लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने कक्ष आहेत. तेथे रंगीत पाकिटांतून औषधे मोफत देण्याची पद्धत आहे. गुप्तांगावरील हर्पिसचे पाकीट लाल, क्रमांक ५. आपल्या भागातून पुसदचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडते. अवघड दुखणे असेल तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचा व गुप्तरोग विभागात जावे. नवरा-बायकोने एकाच दिवशी, बरोबर जावे, म्हणजे दोघांची तपासणी होते आणि औषधही एकाच वेळी ठरते. ज्यांना आधी कोणाशी तरी नाव न सांगता बोलायचे आहे त्यांनी १०९७ हा क्रमांक फिरवावा. तो मोफत आहे, आणि मराठीतून बोलता येते.